खबर देणाऱ्याचं नाव

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गेल्या महिन्यात आटपाडीकडून सिदूआण्णांच्या लेकाचा फोन आला, "आण्णा गेलं..." दुःखाच्या आधी माझ्या मनात आलं, आता मला विचारणारं कुणी उरलं नाही. त्या सुटकेचीच मला भीती वाटली.

सत्तरच्या दशकात मी जनावरांच्या दवाखान्यात नोंदी ठेवायचो. सिदूआण्णा मेंढपाळ. पाऊस सरला की कळप घेऊन कृष्णाकाठी यायचे. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, बदल्यात धान्य द्यायचे. एका साली काळपुळीनं, म्हणजे अँथ्रॅक्सनं, मेंढरं पडली आणि मेलेलं मेंढरू सोलणाऱ्या दोघांच्या हातावर काळे फोड उठले. एक दगावला. मी घरी पोरांना जवळ घेईनासा झालो. माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर प्रथमच एकत्र बसले. दोन्हीकडची खबर एका जागी यावी, पण ती कशी, हे मेंढपाळांनाच विचारायचं ठरलं. आष्ट्याजवळ एका लिंबाखाली बैठक झाली.

"मेंढरू मेलं की लगेच का कळवत नाही?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

आण्णा हसले. "आवं डाक्टर, तुमी सुई घिऊन येता, गाव काठी घिऊन येतं. आदी कुनाला बोलवू?" मग गंभीर होऊन म्हणाले, "मेंढरू पडलं तरी सांगतो, मानसाला फोड आला तरी सांगतो. पर नाव कुटं यायला नको. कोन रानात बसू द्यायचं न्हाई."

दोन्ही डॉक्टरांनी शब्द दिला. शिवार, किती जनावरं, माणूस आजारी आहे का, एवढंच लिहायचं.

पहिली खबर आण्णांनीच माझ्याकडे आणली. वही मात्र जुनीच होती, त्यात 'खबर देणाऱ्याचे नाव' असा रकाना. कोरा रकाना दिसला की साहेब झापायचे. हाताला सवय झालेली. मी नाव लिहिलं. नोंदीची नक्कल नेहमीसारखी गावच्या चावडीवर गेली. तिसऱ्या दिवशी लोकांनी काठ्या घेऊन कळप हुसकावून लावला. नाव फुटलं कसं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "दवाखान्यात येताना कुणीतरी बघितलं असेल त्यांना."

पुढच्या हंगामात त्यांच्या कळपात पुन्हा मेंढरं पडली. आण्णांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं, ताराक्कानं, एक सोललं. आम्हाला कळलं तेव्हा हात खांद्यापर्यंत सुजला होता. जीपमधून सांगलीला नेताना ती सारखी पाणी मागत होती... दुसऱ्या दिवशी गेली. तिथल्या दवाखान्याच्या पायरीवर आण्णा मला म्हणाले, "सायेब, आदी सांगितलं आसतं तर सुई मिळाली आसती. पर सांगायचीच भीती बसली हो."



त्यानंतर दरसाल ते माझ्या घरी यायचे. "सरकारात तुमी तेवढं आपलं," म्हणायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज विचारतील. त्यांनी कधी विचारलं नाही. गेल्या दिवाळीत मीच गेलो. डोळे गेले होते त्यांचे. माझा हात चाचपून म्हणाले, "हात येवडा गार का? काय सांगायचं हाय का, सायेब?"

"थंडी आहे," मी म्हणालो.

आण्णा, नाव मी लिहिलं होतं.