हापशाचा दांडा

वर्तमानपत्रात रोज तीन चौकटींची चित्रकथा काढणाऱ्या बाईंच्या टेबलावर संपादकांनी अकरा पत्रं आपटली. चित्रातल्या मामांनी हापशाचा दांडा खाली दाबला होता आणि आतली सळईही खालीच गेली होती.

"असा हापसा पाणी काढील की तोंडचं पाणी पळवील?" एका निवृत्त फिटरने विचारलं होतं. दुसऱ्याला मामांचं 'कृपया पाणी यावे' खटकलं होतं. "हापशाशी असं कोण बोलतं? दोन शिव्या हासडा!"

"पुन्हा अशी पत्रं आली, तर मामांना कायमची रजा," संपादक म्हणाले.

बारा वर्षं सांभाळलेले मामा बाई असे सोडणार थोड्याच! त्या तडक हापसे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेल्या.

"बघून कळायचं नाही ताई, दांडा धरा."

बाईंनी बाह्या सारल्या, देवाचं नाव घेतलं आणि हापसायला लागल्या. दांडा खाली गेला की सळई वर येत होती. तळहाताला फोड आला, तेव्हा कुठे त्या थांबल्या आणि तिथेच बसून चित्र काढलं.

ते छापून आल्यावर एकच पत्र आलं, त्याच फिटरचं. "हापसा बिनचूक. पण मामा इतके वाकून हापसतील तर त्यांची पाठ धरेल."

संपादकांनी कपाळाला हात लावला. "ही पुन्हा तक्रारच की!"

"तक्रार कुठली? मामांची काळजी वाटायला लागलीय त्यांना," बाई म्हणाल्या, आणि उद्याच्या चौकटीत मामांची पाठ शेकायला बसल्या.