नाव सांगावं लागलं नाही

"माझा भाऊ कळव्याहून एवढा येतो आणि तू त्याला रांगेत उभं करतेस?" प्रमोदिनीबाईंनी लाटणं आपटलं.

"पण आई, नातवाचा जन्मदाखला हातात पडला ना मामांच्या?" सुमती मेथी निवडत होती.

"पडला! तेच तर! वर हसत म्हणतो, सुमतीचं नावसुद्धा सांगावं लागलं नाही. मग तू तिथे बसून करतेस काय?"

"कॉम्प्युटर करतो गं आई सगळं," सुमतीचा नवरा सुधीर पेपराआडून म्हणाला. "ही नुसती बटणं दाबते."

सुमती हसली, पण ते लागलं. लग्नाआधीपासून ती पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात होती. मुलगा चांगदेव झाला तेव्हा नोकरी सुटायचीच. टिकली ती या दाखल्यांमुळे. अर्धी डोंबिवली संध्याकाळी दारात चपला काढायची. सासूबाई चहा टाकायच्या, चिठ्ठ्या घ्यायच्या, "सांगते आमच्या सुमतीला" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी सुमती त्या चिठ्ठ्यांची कामं आधी काढी आणि खिडकीपुढच्या माणसांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणे. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे तिनं नोकरीत लवकरच शिकून घेतलं होतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर कॉम्प्युटर आला. नाव सांगा, तारीख सांगा, दाखला घ्या. खाडीकाठची एक म्हातारी तर कागद घेऊन तिथेच थांबली.

"बाय, आता कुनाला भेटाचा?"

"कुणाला नाही आजी. झालं तुमचं काम."

म्हातारीनं कागद कपाळाला लावला आणि पालिकेचं भलं होवो म्हणाली. इतक्या वर्षांत सुमतीनं पालिकेला दिलेल्या शिव्याच ऐकल्या होत्या.

इकडे दारातल्या चपला मात्र आटल्या.

"तू घरपट्टीत बदली माग," सुधीरनं पेपर खाली ठेवला. "तिथे अजून सगळं हातानं चालतं. ओळखीला किंमत आहे."

"नाहीतर सोड सरळ," सासूबाई म्हणाल्या. "घरात काय कमी कामं आहेत?"

सुमतीनं मेथीची देठं सुपात गोळा केली.

"साहेबांनी आज विचारलं, कॉम्प्युटरची नवी खिडकी कायमची घेता का. मी हो सांगून आलेय. बदली मागणार नाही, नोकरी सोडणार नाही. आणि दाखल्यासाठी घरी कुणी आलं तर चहा द्या, चिठ्ठी घेऊ नका."