वांग्याची सरकी

सातवीत शाळा सोडली आणि पुढं सुरतेला कापडाच्या गिरणीत मशीनवर लागलो. त्यामुळं छापील कागद हातात आला की मला अजून घाम फुटतो.

त्या वर्षी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून निरोप आला, आत्याला शौचातून रक्त जातंय. तिनं ते वर्षभर मूळव्याध म्हणून दडवलं होतं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलेलं, म्हणून रजा टाकून धावलो. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंना कॅन्सरची शंका आली, त्यांनी आतड्यात दुर्बीण घालून बघायचं ठरवलं आणि एक कागद दिला. त्यातलं एकच वाक्य मला धड कळलं: तीन दिवस आधी बिया खाऊ नयेत.

"तीन दिवस वांग्याबिगर?" आत्या म्हणाली. "कॅन्सर राह्यला बाजूले, मी तशीच मरीन."

बोंडअळीनं शेतात वेचायला कापूसच ठेवला नव्हता, हात रिकामेच होते. वांगी उकडून आम्ही ओसरीवर बसलो आणि सुईनं एकेक बी काढू लागलो.

शेजारीण डोकावली. "काहून व बाई, वांग्याचं जिनिंग करून राह्यले काय?"

"हो. सरकी पाह्यजे काय तुह्या म्हशीले?"

मी हसलो, पण प्रत्येक फोड पुन्हा उजेडात धरून बघत होतो. एखादी बी सुटली आणि तिच्याआड गाठच लपली तर?

तपासणीआधी डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पोटात चांगले जंतूही असतात. त्यांचा तोल बिघडला, आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहिली, तर कॅन्सरचा धोका वाढतो.

"मग जंतू मारायचं जोरदार औषध द्या ना," मी म्हणालो.

आत्यानं कोपर मारलं. "पोट्ट्या, त्या मित्रकिडी असतात. उगाच फवारलं का पह्यले त्याच मरतात."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. तेवढ्यात मी अभिमानानं वांग्यांचं सांगून टाकलं.

"अहो, साधा दहीभात खायचा होता!"

आत सूज निघाली आणि मांसाचा एक कोंब. तो काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायच्या आत माझी रजा संपली. सुरतेत फोन वाजला की मीच आधी संडासाकडं पळायचो.

शेवटी आत्याचा फोन आला. रिपोर्टचं विचारायची हिंमत होईना. म्हटलं, "जेवली काय?"

"जेवली ना. बाईनं सांगतलं, कोंब साधाच निघाला, आता खा बिनधास्त. भरलं वांगं केलं."

"आणि बिया?"

"त्याच्यासकट रे, येड्या."

मशीन चालूच होती. मी खाली बसलो.