सुतकातलं गाणं

माझ्या धाकट्या भावाला एका परदेशी ग्रंज रॉक बँडचा एक अल्बम जिवापाड आवडायचा. पिपरी मेघेच्या आमच्या घरात त्या गाण्यांचं कौतुक कुणालाच नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पिठाची चक्की सुरू झाल्यासारखं वाटलं, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही. तो हसला.

"चक्की सोड ना ताई, खालची चाल ऐक."

चाल होती खरी. खरखरत्या, जड गिटारींच्या खाली दोन गळे एकमेकांना धरून चाललेले. संथ, काळोखी, तरी गोड. एक थकून खाली उतरला की दुसरा वरचा सूर सोडत नसे. इतकं दुःख इतक्या सुरात गाता येतं, याचा मला हेवाच वाटला. मग तो सावंगीच्या दवाखान्यातून ड्यूटी करून आला की चहासोबत आम्ही दोघं तेच ऐकत बसायचो.

मागच्या वर्षी देवळी रोडवर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. आई रडली नाही. बायका येऊन तिच्या गळ्यात पडत, "रडवा तिले, नाई त दुःख पोटात राह्यते," म्हणत. आई भिंतीला टेकून कोरडी बघत राही. मला तिच्याच जिवाची भीती वाटू लागली.

तेरवीच्या आधी एका दुपारी मला राहवेना. त्याच्या खोलीत जाऊन मी तो अल्बम लावला, अगदी हळू. सुतकात आमच्याकडे टीव्हीसुद्धा लावत नाहीत. आत्या धावतच आली.

"सुतकात गाणे लावतेत का वं? लोकं काय म्हणतीन?"

मी बंद करणार, तोच आई दारात उभी.

"गाणे कुठी हायेत? रडून राह्यला तो गाणारा. राहू दे."

ती पलंगाच्या काठावर बसली. इंग्रजी तिला ओ की ठो कळत नाही. तरी मान खाली घालून तिनं अख्खं गाणं ऐकलं.

"काऊन रडून राह्यला हा?"

"मले नाई मालूम, आई."

"याले माय असन ना?"

"असन."

"मंग तिले म्हणाव, पोरगं घरात हाय तवरी जवळ बसून ऐकून घे."

एवढं बोलून आईला रडू फुटलं. आत्यानं खोलीचं दार लोटलं, गाणं मात्र बंद केलं नाही.