मापाला उभी असलेली बाई : मथुरा रोड ते पानिपत

आई पुढच्या महिन्यात कायमची पुण्याला, माझ्या भावाकडे चालली आहे. त्यामुळे दिल्लीच्या द्वारकेतला तिचा फ्लॅट आवरायला काढला आणि माळ्यावरून "ऑफिसचा अल्बम" खाली आला. हे नाव आईनेच ठेवलेलं. काळी जाड पानं, मधे बटर पेपर आणि छत्तीस कृष्णधवल फोटो. बस शेड, पेट्रोल पंप, दुधाचे बूथ, हायवेवरची उपाहारगृहं. आमचे बाबा सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. लग्नानंतरची पहिली पाच-सहा वर्षं ते रविवारी ऑफिसचं काम म्हणून मित्राचा कॅमेरा मागून आणायचे आणि रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या नव्या सिमेंटच्या इमारती टिपत फिरायचे. त्या काळी दिल्लीत हे सगळं नवंकोरं होतं. एका खांबावर तोललेले स्लॅब, पंखांसारखी उचललेली छतं, जाळीच्या भिंती.

आणि प्रत्येक फोटोत आई. हातात पर्स, पदर खांद्यावरून लपेटलेला, चेहरा गंभीर. "मापाला माणूस लागतो," बाबा म्हणायचे. शेजारी माणूस उभा असला की इमारत किती उंच आहे ते बघणाऱ्याला कळतं, म्हणून.

आईचा यावर पन्नास वर्षं राग. "कॉलनीतल्या बायकांचे फोटो कुठे? बागेत, कारंज्यापाशी. माझे कुठे? पेट्रोल पंपावर! माझा म्हणून एक फोटो काढला नाही या माणसाने. मी आपली फूटपट्टी." बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली, तरी हा राग काही गेलेला नाही.

आता झालं असं की शेजाऱ्यांच्या ओळखीने आर्किटेक्चर शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या. अल्बम बघून हरखल्याच. कॉलेजच्या संग्रहासाठी मिळेल का, म्हणाल्या. आई क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "ले जाइये." मी ओरडलेच. बाबांच्या हातची तेवढी एकच गोष्ट आपल्याकडे उरलीय आणि ही ती डब्यातल्या लाडवासारखी वाटायला निघाली! बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की मॅडमना रविवारी बोलवायचं, त्याआधी शुक्रवार-शनिवार आम्ही दोघींनी गाडीने फिरून यातलं काय शिल्लक आहे ते बघायचं.

"चलो, तुझी हौस," आई म्हणाली. "पण अल्बमचा निर्णय माझा. आणि मी कुठेही खांबाला टेकून उभी राहणार नाही."

शुक्रवारी सीएल टाकली आणि दहाला निघालो. ऑफिसची गर्दी ओसरल्याशिवाय द्वारकेतून बाहेर पडू नका, हा माझा फुकटचा सल्ला. पहिला थांबा दक्षिण दिल्लीतली सरकारी कॉलनी. आईबाबांचा पहिला क्वार्टर तिथे होता. दोन खोल्या आणि माणसं चार. आईबाबा, आजी आणि लग्न न झालेला काका. अल्बममधला पहिला फोटो तिथल्याच बस शेडचा. त्यात आई खांबाला अगदी चिकटून उभी, अंगठ्याच्या नखाएवढी.

शेड नव्हतीच. क्वार्टर्सही नव्हते. पत्र्याचं उंच कुंपण, आत क्रेन आणि वीस-पंचवीस मजली सांगाडे. मी गाडीतून उतरून मोबाइलवर नकाशे बघत, हातात फोटो घेऊन वेड्यासारखी फिरले. जागा कुठली तेसुद्धा कळेना. गेटवरच्या गार्डला फोटो दाखवला, तर म्हणाला, "मैडम, ये तो बहुत पुराना लगता है. अंग्रेज़ों का है?" मी म्हटलं, नाही हो, माझ्या आईचा आहे.

परत आले तर आई काच खाली करून त्या क्रेनकडे बघत होती. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी. कसलं डोंबल! "बरं झालं पाडलं. पावसाळ्यात भिंतीतून पाणी यायचं," म्हणाली. मग जरा वेळाने, "इथे नळावर माझ्या दोन बांगड्या फुटल्या होत्या. आजीने पंधरा दिवस ऐकवलं होतं." मी गाडी सुरू केली.

तिथून मेहरौली-बदरपूर रोडने फरीदाबाद. जुना मथुरा रोड बघायचा असेल तर बदरपूरच्या उड्डाणपुलावर चढू नका, टोलही वाचतो. खालून जा, मात्र खाली ट्रक, ई-रिक्षा आणि म्हशी यांच्याशी तुमचं तुम्ही बघून घ्यायचं. गाडी नसेल तर व्हायलेट लाइन मेट्रो या रस्त्यावरूनच जाते. वरून उलट छान दिसतं.

अकरा नंबरचा फोटो पेट्रोल पंपाचा. चहूबाजूंना शेत आणि मधोमध दोन पंख वर उचललेलं सिमेंटचं छत. तीन पंपांवर "नाही, पुढे जा" ऐकून घेतल्यावर चौथ्यावर ते सापडलं आणि मी किंचाळलेच! नव्या चकचकीत पत्र्याच्या छताच्या मागे, हवा भरायच्या यंत्राच्या खोलीवर, जुने दोन्ही पंख शाबूत. एकावर पाण्याची टाकी बसवलेली, दुसऱ्यावर पिंपळ उगवलेला. पंपाचे म्हातारे मॅनेजर बाहेर आले. फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"ये हमारा है!" ते म्हणाले. "और ये भाभीजी कौन हैं?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. मॅनेजरसाहेब थेट गाडीपाशी गेले, नमस्कार केला, चहा मागवला, दोन बिस्किटांचे पुडे मागवले. "छत तोड़ने के लिए तीन बार बोला गया," ते म्हणाले. "मैंने कहा, बारिश में एक बूंद नहीं टपकती, क्यों तोड़ूं?" आईला हे मात्र पटलं. पण उतरायला ती तयार नव्हती. मी मिनतवाऱ्या केल्या की त्याच जागी एक फोटो काढू. "गुडघे," ती म्हणाली. गुडघे वगैरे काही नाही, मला माहीत आहे. मी एकटीनेच रिकाम्या छताचा फोटो काढला आणि तो अगदीच रिकामा आला.

रात्री घरी जेवताना मी चिडून म्हणाले, "बाबांनी कधी तुला त्रास दिला का? मारलं, झोडलं, दारू प्यायले?" आई म्हणाली, "नाही गं. देवमाणूस होता. पण देवासमोर आपण असतो आणि त्याचं लक्ष भलतीकडेच असतं ना, तसं." मी भांडी घासायला उठले.

शनिवारी पानिपत. द्वारकेहून आता नवा अर्बन एक्स्टेन्शन रोड आहे, दिल्लीच्या पोटात न शिरता तो सरळ कर्नाल हायवेला सोडतो. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. पराठ्यांच्या ढाब्यांसाठी प्रसिद्ध मुरथलला न्याहारीला थांबलोच. पराठा सव्वाशेच्या आसपास, वर पांढऱ्या लोण्याचा एवढा गोळा, आणि वयस्क माणसं बरोबर असणाऱ्यांना कामाची गोष्ट म्हणजे स्वच्छ बाथरूम, कमोडसकट. आईने एक पराठा संपवला आणि म्हणाली, "तेव्हा इथे शेतंच होती. आम्ही बसने आलो होतो. पोळी-भाजीचा डबा मांडीवर. आणि यांना मळमळत होतं." तेव्हापासून ती जरा बोलायला लागली. कुठल्या रविवारी कुठे गेलो, किती चाललो, पाय किती दुखले. सगळ्या तक्रारीच होत्या, पण एकही रविवार ती विसरलेली नव्हती.

पानिपत म्हटलं की आपल्या मराठी मनाला आधी लढाईच आठवते. तिथल्या स्मारकालाही जा जरूर. पण आम्हाला हवं होतं ते शहराच्या अलीकडे, जुन्या रस्त्यालगतचं विश्रांतीगृह. अल्बममधला शेवटून दुसरा फोटो. त्याचा नकाशा खुद्द बाबांनी काढलेला. करवतीच्या दात्यांसारखं खालीवर छत, सिमेंटची जाळी, पुढे ओटा. आणि ते होतं! सगळंच्या सगळं! आता तिथे चादरी-ब्लँकेटचं दुकान आहे. जाळीवर सतरंज्या वाळत घातल्यासारख्या टांगलेल्या. दुकानाच्या मालकीणबाईंनी आधी चार डबलबेडच्या चादरी उलगडून दाखवल्या, मग आमचं ऐकून घेतलं.

"तो माताजी को खड़ा करो ना वहीं!" त्या म्हणाल्या. त्यांनी आईचा हात धरून तिला गाडीतून उतरवलंच. परक्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून आई गेली. ओट्याच्या टोकाशी, भिंतीला चिकटून उभी राहिली. सवयीने पदर लपेटून घेतला.

मी एका हातात जुना फोटो, दुसऱ्यात मोबाइल घेऊन मागे मागे सरकत गेले. संपूर्ण छत फोटोत यावं म्हणून पार सर्व्हिस रोडपर्यंत. छत आलं, पण आई ठिपक्याएवढी. जुन्या फोटोत तशी नव्हती. मग पुढे आले. तरी जुळेना. आणखी पुढे. आईला म्हटलं, भिंत सोड, माझ्याकडे ये. अजून ये. शेवटी ती भिंतीपासून चांगली दहा पावलं पुढे आणि मी तिच्यापासून जेमतेम चार पावलांवर, तेव्हा कुठे चौकट जुळली. छताचे अर्धे दाते गायब. डावी भिंत गायब. मधोमध आई, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत.

"आई," मी म्हटलं, "यात इमारत कुठाय गं?"

"म्हणजे?"

मी तिला जुना फोटो दिला. तिने चष्मा लावला. आधी फोटोकडे बघितलं, मग मागे वळून त्या लांबलचक छताकडे.

"मापाचा माणूस भिंतीला लागून उभा करतात," ती हळूहळू म्हणाली. ड्राफ्ट्समनशी पन्नास वर्षं संसार केलेली बाई. "पुढे आला की माप खोटं पडतं. मी पुढे सरकले की ओरडायचे मला, पहिल्यांदा पहिल्यांदा."

"आणि मग?"

तिने गाडीतून अल्बम मागवला आणि दुकानाच्या ओट्यावर, चादरींच्या ढिगाशेजारी बसून पहिल्यापासून उलटायला लागली. इतकी वर्षं रागाने तिने तो नीट बघितलाच नव्हता. आणि मी? मी दोन दिवस इमारतीच शोधत होते. बस शेडपाशी ती नखाएवढी. दुधाच्या बूथपाशी बोटाएवढी. पेट्रोल पंपापाशी वीतभर पुढे आलेली. पानागणिक आई मोठी होत गेली होती आणि इमारत मागे, मागे, कडेने कापलेली. शेवटच्या फोटोत तर कोपऱ्यात जाळीची चार भोकं दिसतात, बाकी आईचा चेहरा. ओठ मुडपून हसू दाबलेली.

"या इमारतीचा नकाशा यांनीच काढला होता," आई म्हणाली. "इंच न् इंच पाठ होता. यांना कसलं माप हवं होतं गं? आणि ऑफिसने कधी मागितले होते हे फोटो? रविवारी?"

मग तिचा आवाज चढला. "दोन खोल्यांत सासूबाई आणि भावजी. बायकोला घेऊन फिरायला जातो म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ऑफिसचं काम! ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस! अरे, सासूबाईंपासून लपवलंस ते लपवलंस, माझ्यापासून कशाला? तोंडाला कुलूप होतं? पुढे आपलं घर झालं, सासूबाई गेल्या, तेव्हा तरी सांगायचंस!"

बाबांना तिने "अरे" म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती रडत होती आणि तिला हसूही येत होतं. मालकीणबाईंना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि आईच्या पाठीवर हात फिरवत बसल्या. मीही रडले. त्या ओट्यावर, दुपारी एक वाजता, ट्रकच्या हॉर्नमध्ये. बाबांचा मला इतका राग आला आणि इतकी माया वाटली की दोन्ही एकदमच आलं.

आम्ही दोन चादरी घेतल्या. परतीच्या वाटेवर आई झोपली.

तर अशी ही सफर. छत्तीसपैकी आम्ही नऊ जागा शोधल्या. चार उभ्या आहेत, एक अर्धी आहे, बाकी गेल्या. तुमच्याही घरी असे रस्त्याकडेचे जुने फोटो असतील तर दोन दिवस काढून जरूर जा. पंपवाले, दुकानवाले आपुलकीने बोलतात. जाताना घरातल्या ज्येष्ठांना न्या, आणि चौकट जुळेपर्यंत पुढे-मागे सरकायचा कंटाळा करू नका. मी एकटी गेले असते तर इमारतींची यादी करून परत आले असते.

रविवारी अकराला मॅडम आल्या. आईने सकाळीच अल्बममधले फोटो सोडवून त्यांचे दोन गठ्ठे केले होते. मी मधे बोलले नाही, निर्णय तिचा होता. पहिला गठ्ठा तिने मॅडमच्या हातात ठेवला. बस शेड, बूथ, पहिले चौदा. "ये बिल्डिंग के हैं. ये आपके."

मॅडमची नजर दुसऱ्या गठ्ठ्यावर. "और ये, आंटी? इनमें बिल्डिंग नहीं है क्या?"

"है ना," आई म्हणाली. "मेरे पीछे."