नंदाचा परत आलेला फॉर्म

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, नंदाजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही.

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे सांगताना मान ताठ होते — अजूनही होते, खोटं कशाला बोलू? जाफराबादच्या पुढं आमचं गाव. कुणाच्या लेकराचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असला की लोक माझ्याकडं येतात. मी भरून देतो, पैसे घेत नाही. लोक म्हणतात, पोरगं शिकलं पण माजलं नाही. मी ऐकून घेतो.

नंदा माझी धाकटी बहीण. मी बारावीला एकदा नापास झालो, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्षी पास झालो. तिला मार्क माझ्यापेक्षा बरेच जास्त. आता अडचण अशी, की सरकारच्या स्कॉलरशिप योजनेत एका घरातल्या दोनच लेकरांना फी मिळते, आणि थोरल्या विष्णूनं डिप्लोमाला त्यातली एक जागा घेतली होती. डिप्लोमा अर्धवट सोडून तो जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागला, पण जागा गेली ती गेलीच. उरली एक. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, जेवता जेवता निकाल दिला.

"जिला मार्क जास्ती, तिचा भरा. तू एक साल विष्णूसंगं कामाला जा. मंग पाहू."

बराबर बोलले होते. तेच मला लागलं. पोरगा असून मी मागं? आई माझ्या बाजूनं काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती भाकरी थापत राहिली.

नंदाचा फॉर्म मीच भरला. घरात स्मार्टफोन एकच, माझा — म्हणून नंबर माझा, पासवर्डही माझाच. उत्पन्नाचा दाखला जोडताना मागच्या सालचा जोडला गेला. तहसीलचा दाखला मार्चअखेर संपतो हे मला ठाऊक होतं, पण फोनमध्ये दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी होते. ती चूक मुद्दाम नव्हती. ती नव्हती.

दिवाळीनंतर कामावरून गावी येताना काळीपिवळी जीपमध्ये मागं बसलो होतो, तेव्हा मेसेज आला. दाखला बदलून फॉर्म पुन्हा पाठवा, अमुक तारखेच्या आत. नवा दाखला हातातल्या फोनमध्येच होता. काम ते किती? पुढचा फाटा यायच्या आत झालं असतं.

मी फोन खिशात ठेवला.

ठरवून ठेवला का? नाही — आज राहू दे, उद्या करू, एवढंच मनात होतं. उद्याही राहू दिलं. तारीख जवळ येत गेली तसं माझं मलाच कळत गेलं, की मी हे करणार नाही. विसरला असशील, असं म्हणाल तुम्ही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी रोज लॉगिन उघडून बघत होतो.

मी घरी असलो की नंदा कॉलेजातून आल्या आल्या विचारायची. कॉलेजातल्या मॅडम तिला लॉगिन बघ म्हणायच्या, आणि लॉगिन माझ्याकडं. मी म्हणायचो, न्हाई, चालू आहे अजून, सरकारचं काम तुझ्या घाईनं होतंय का? ती हसायची. एकदा म्हणाली, "आता तुझ्या फोनलाच नारळ फोडते, दादा."

तारीख गेली. मग मी घरात सांगितलं, रद्द झाला. अण्णांनी कारण विचारलं. "कारण देत न्हाईत ते," मी म्हणालो. अण्णांनी सरकारला दोन शिव्या दिल्या. पुरी फी भरायची आमची ऐपत नव्हती. नंदाचं नाव कॉलेजातून काढलं, आणि उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पुढच्या साली उरलेल्या जागेवर माझा फॉर्म गेला. दाखल्यावरची तारीख मी बोट ठेवून वाचली होती. तो परत आला नाही.

यंदा नंदाची नणंद बारावी झाली. तिला घेऊन नंदा माझ्याकडं आली. मी फॉर्म भरत होतो आणि नंदा शेजारी बसून त्या पोरीला सांगत होती, "दादाच्या हातचा फॉर्म परत येत न्हाई. माझा गेल्ता, पण ते सरकारनं केलं. दादानं माझ्यासाठी लई धावपळ केल्ती."

धावपळ? हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं ते आपल्या मनानं धरून ठेवलं होतं, इतकी वर्षं.

मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं ती पोरगी बायकोसोबत चहा करायला आत गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. तेव्हा बोलता आलं असतं. मी टाईप करत राहिलो.

नंदाचं शिक्षण सरकारनं बंद केलं नाही. मी केलं. ती अजून सरकारलाच बोल लावते, आणि मी लावू देतो.