सानिकाच्या पुस्तकातला तापट आचारी

रविवार, संध्याकाळ. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आमच्या खानावळीच्या गडबडीत राहूनच गेलं.

माझी लेक सानिका अकरावीत आहे. सध्या ती एक जपानी चित्रकथा वाचते आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरात नव्याने लागलेली मुलगी आणि तिथला देखणा, तापट आचारी यांची प्रेमकथा. काल मीही चाळली. तो सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसतो आणि ती त्याच्याच प्रेमात पडते. यावर सानिकाशी बोलायचं मी ठरवलं होतं.

आज दुपारी ऐन गर्दीत पांढरा रस्सा फाटला. चूक माझीच, आच मोठी राहिली. माझे मिस्टर गिऱ्हाइकांसमोरच ओरडले, "वीस वर्षं झाली, अजून हिला आच कळंना! बघा की पावणं!"

जेवणारे दोघंतिघं हसले. मीही हसले, नेहमीसारखी.

गर्दी ओसरल्यावर मी सानिकाला विचारलं, "त्या पुस्तकातला असला खेकसणारा माणूस आवडतो तुला? ह्याला प्रेम म्हणतात व्हय?"

ती ताटं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तू मघाशी हसलीस कशाला?"

हसून मी भांडण टाळते, असंच इतकी वर्षं समजत होते. ते बघून ती काय शिकत असेल, हे मनातच आलं नाही. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?

उद्याचं एकच काम: चूल पेटवण्याआधी ह्यांना सांगायचं, चार माणसांत माझ्यावर ओरडायचं नाही. आणि ते सानिकासमोर सांगायचं.